माझं पहिलं मत पुलवामाच्या जवानांना गेलं होतं, आता भाऊ विचारतोय

मागावरचा (धागाकर्ता)

मंडळी, लांबलंय, पण बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून लिहूनच टाकतो.

धाकट्या भावाला परवा अठरा पूर्ण झाली. जेवताना म्हणाला, दादा, तू पहिल्यांदा मत दिलंस तेव्हा कुणाला दिलंस आणि का दिलंस? कुणाला ते पटकन सांगितलं. का, ते सांगायला लागलो आणि हातातली भाकरी हातातच राहिली.

तेव्हाचं सांगतो. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्यातले दोघं आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले. २६ ला बालाकोट, २७ ला हवाई दलाचे अभिनंदन पाकिस्तानच्या हाती लागले, आणि १ मार्चला रात्री वाघ्याहून परत आले. त्या रात्री मी वडिलांचा डबा घेऊन कारखान्यात गेलो होतो, ते रात्रपाळीला होते. टॉवेलचे माग रात्री कधी थांबत नाहीत, लाईट गेली तरच. त्या दिवशी सगळ्यांनी आपणहून थांबवले. ज्यांच्या घरी माग आहेत त्यांना माहितीय, खडखडाट एकदम थांबला की कानात कसं सुन्न होतं ते. अंगाला कापसाची फुसं चिकटलेली दहा-बारा माणसं एका मोबाईलभोवती उभी, निम्मी तेलुगूत बोलणारी, निम्मी मराठीत, आणि अभिनंदन गेटमधून चालत आले तेव्हा वडिलांनी डोक्यावरचं फडकं काढून डोळे पुसले. वडिलांना रडताना मी त्याआधी फक्त आजी गेली तेव्हा बघितलं होतं.

मग ९ एप्रिलला औशाला पंतप्रधानांची सभा झाली. औसा म्हणजे आपल्या शेजारचंच. तिथं ते पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांना म्हणाले की तुमचं पहिलं मत बालाकोट करणाऱ्या जवानांना, पुलवामाच्या शहिदांना समर्पित करता येईल का. मी तो व्हिडिओ तीन वेळा बघितला, मला वाटलं माझ्याशीच बोलतायत. १८ एप्रिलला आपल्या सोलापूरचं मतदान होतं. उन्हात दीड तास उभा राहिलो, बटण दाबलं, शाई लावलेल्या बोटाचा फोटो स्टेटसला टाकून खाली लिहिलं, हे मत ४० जणांसाठी.

मला त्याचा पश्चात्ताप नाही हे आधीच सांगतो, कुणी चिडवायला येऊ नका. पण ७ मे २०२४ ला परत रांगेत उभा राहिलो तेव्हा मनात एकच होतं, मी ज्यांच्या नावानं मत दिलं त्यांचं पुढं काय झालं हे मला पाच वर्षांत कुणी येऊन सांगितलं का? ती स्फोटकांची गाडी हायवेवर कशी आली, ७८ गाड्यांचा एवढा मोठा ताफा, अडीच हजारांवर जवान, एकाच दिवशी रस्त्यानं का पाठवले, चुकलं कुणाचं. मत मागायला आले तेव्हा जवानांचं नाव होतं, हिशेब द्यायच्या वेळेला नाव नाही.

तर मला खरंच विचारायचंय, भावाला काय सांगू? बाहेरच्या देशाशी तणाव, युद्ध, अतिरेकी हल्ला हे बघून मत द्यावं की नाही?

सीनाकाठ

भाऊ तुमच्या भावना पोचल्या पण माझं मत वेगळंय आणि स्पष्ट लिहितो. देशाची सुरक्षा हा लोकसभेचा मुद्दा नाही तर मग कसला आहे? गटारी आणि रस्ते हे नगरपालिकेचं काम, ऊसबिलाचं कारखान्याच्या निवडणुकीत बघू, सीमेचं काम कुणाचं? दिल्लीचंच ना. मग दिल्लीच्या निवडणुकीत ते बोलायचं नाही तर कधी बोलायचं.

आमच्या मोहोळच्या बाजूला पहाटे चारला रस्त्यावर या, पोरं भरतीसाठी पळताना दिसतील, अनवाणी सुद्धा पळतात. त्या पोरांच्या आईबापांना सुरक्षा म्हणजे भाषणातला शब्द नाही वाटत. २००८ ला मुंबईत कसाब आणि टोळीनं १६६ माणसं मारली, तेव्हा लोकांना वाटत होतं आपण फक्त पत्रं पाठवतो. २०१९ ला लोकांनी बघितलं की घुसून मारलं. त्याचं मत मिळालं तर त्यात गैर काय? ज्या सरकारनं हे केलं त्यानं ते सांगूच नये असं म्हणणं मला पटत नाही.

आणि हिशेब दिला नाही म्हणता तर राष्ट्रीय तपास संस्थेनं (एनआयए) ऑगस्ट २०२० मध्ये आरोपपत्र दाखल केलंय, मसूद अझहरसकट १९ जण आहेत त्यात. तेव्हा काहीच झालं नाही असं नाही.

मागावरचा

@सीनाकाठ दादा, आरोपपत्राचं बरोबर आहे, मी लिहायला पाहिजे होतं. पण ते मारणाऱ्यांबद्दल झालं. मी वाचवायचं काम ज्यांचं होतं त्यांच्याबद्दल विचारतोय. तेव्हाचे जम्मू-काश्मीरचे राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी २०२३ मध्ये मुलाखतीत सांगितलं की जवानांसाठी विमानं मागितली होती, ती मिळाली नाहीत. ते खरं की खोटं हे मला कसं कळणार, पण एवढ्या मोठ्या पदावर बसलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर पुढच्या वर्षीच्या प्रचारात त्यावर नीट उत्तर यायला पाहिजे होतं, हो तर हो, नाही तर नाही.

चाटीगल्ली

धागा चांगला आहे. माझं वय झालंय, बऱ्याच निवडणुका बघितल्या, त्यामुळं आपल्याच मतदारसंघाचं थोडं मांडतो, कारण टीव्हीवर सरसकट बोलतात की युद्ध झालं की सत्ताधारी जिंकतो.

१९९९ घ्या. वाजपेयींचं सरकार एप्रिलमध्ये एका मतानं पडलं, मे ते जुलै कारगिल, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात निवडणूक. देशभर कारगिलचं वातावरण. सोलापूरनं निवडून कुणाला दिलं? सुशीलकुमार शिंदेंना, काँग्रेसचे. २००९ ला २६/११ ची जखम ताजी होती, सहा महिने झाले नव्हते, त्या हल्ल्यापायी केंद्रात गृहमंत्री शिवराज पाटलांना पद सोडावं लागलं, राज्यात मुख्यमंत्री विलासराव आणि गृहमंत्री आर. आर. आबांना, तरी सोलापूरनं परत शिंदेंनाच दिलं आणि देशात काँग्रेसच्या २०६ जागा आल्या. पुढं २०१२ ला शिंदेसाहेब देशाचे गृहमंत्री झाले, कसाबची फाशी नोव्हेंबर २०१२ आणि अफझल गुरूची फेब्रुवारी २०१३, दोन्ही त्यांच्याच काळातल्या. आता सांगा, सुरक्षेवर मत पडत असतं तर २०१४ ला गृहमंत्र्याच्या गावानं त्याला पाडलं असतं का? पाडलं, जवळपास दीड लाखांनी. २०१९ ला पुलवामा-बालाकोटनंतर भाजपचे जयसिद्धेश्वर महास्वामी दीड लाखावर मतांनी आले, पण त्याच निवडणुकीत प्रकाश आंबेडकरांनी इथून एक लाख सत्तर हजार मतं घेतली, ती बेरीज कुणी विसरू नये. आणि २०२४ ला शिंदेंची मुलगी प्रणिती, काँग्रेसकडून, ७४ हजारांवर मतांनी.

म्हणजे सोलापूरचा माणूस बाँबचा आवाज ऐकून डोळे झाकून बटण दाबत नाही. देशप्रेम कमी आहे म्हणून नव्हे, तो बाकीचंही धरून बघतो.

आता बाहेरचं एक उदाहरण, कारण मागावरच्या भाऊंचा जो प्रश्न आहे तोच तिथं आला होता. स्पेन, ११ मार्च २००४. सकाळच्या गर्दीत माद्रिदच्या लोकल गाड्यांत बाँब फुटले, दोनशेच्या आसपास माणसं गेली. मतदान तीन दिवसांवर. सरकार अझनार यांचं, त्यांनी अमेरिकेबरोबर इराकमध्ये सैन्य पाठवलेलं, ते लोकांना नको होतं. हल्ला झाल्या झाल्या सरकार सांगायला लागलं की हे बास्क फुटीर संघटना एटाचं काम आहे. पोलिसांना सापडत होतं ते वेगळंच, व्हॅनमध्ये डिटोनेटर आणि अरबी कॅसेट, सगळा रोख जिहादी गटाकडं. म्हणजे इराकचा संबंध येणार, म्हणून सरकार एटाएटा करत राहिलं. लोक आदल्या रात्री रस्त्यावर आले, आम्हाला मतदानाआधी खरं सांगा म्हणून. हल्ल्याआधी सत्ताधारी पक्ष पुढं होता. १४ मार्चला हरला. नवे पंतप्रधान सापातेरो यांनी थोड्याच आठवड्यांत सैन्य परत आणलं.

कुणी म्हणतं स्पॅनिश लोक घाबरले. मला तसं वाटत नाही. त्यांना राग आला तो लपवालपवीचा. तेवढंच लक्षात ठेवण्यासारखं आहे. बाकी थॅचरबाई फॉकलंड जिंकून १९८३ ला निवडून आल्या आणि कार्टरसाहेब तेहरानमधले ५२ ओलीस निवडणुकीपर्यंत सुटले नाहीत म्हणून १९८० ला पडले, ही उदाहरणं सगळ्यांना पाठ असतात. पण १९९१ चं आखाती युद्ध जिंकलेले थोरले बुशसाहेब पुढच्याच वर्षी हरले हे कुणी सांगत नाही. युद्ध जिंकलं, तरी लोकांनी घरखर्च बघितला.

रेवती_पुण्यात_सोलापूरकर

माझं थोडं वेगळं आहे, राजकारण नाही, घरातलं आहे.

माझा मामेभाऊ युक्रेनला विनित्सियात एमबीबीएसला होता, तिसऱ्या वर्षाला. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध लागलं तेव्हा आमचं आख्खं घर मामांच्या विजापूर रोडच्या घरी जमलं, कुणी झोपत नव्हतं. तो बसनं रुमानियाच्या बॉर्डरकडं निघाला, शेवटचे काही किलोमीटर बर्फातून चालत, फोनची बॅटरी वाचवायला दर तीन तासांनी एकच मेसेज, "ठीक आहे". मामी तो मेसेज आला की देवापुढं साखर ठेवायची. वाटी भरली होती साखरेनं.

१ मार्चला खारकिवमध्ये आपल्या शेजारच्या कर्नाटकातला, हावेरी जिल्ह्यातला मुलगा गेला. खायला आणायला बाहेर पडला होता. ती बातमी आली तेव्हा मामीनं टीव्ही बंद केला आणि परत लावूच दिला नाही.

भाऊ ऑपरेशन गंगाच्या विमानानं आला. मी सरकारचे आभार मानते, मनापासून मानते, चार केंद्रीय मंत्री शेजारच्या देशांत जाऊन बसले होते, शिंदे म्हणजे ज्योतिरादित्य शिंदे रुमानियात होते, हे सगळं खरंच झालं. तेव्हा यूपीची निवडणूक चालू होती, तिथल्या सभांत हे सांगितलं गेलं, ठीक आहे. पण २०२४ च्या लोकसभेला ती जाहिरात आली ना, मुलगी परत येते आणि वडिलांना सांगते की आपल्यासाठी युद्ध थांबवलं, ती बघून मामी उठून आत गेली. युद्ध थांबलेलं नव्हतं हो. तिचं पोर गोळीबाराच्या भीतीत बसमध्ये बसलं होतं.

आणि परत आल्यावर काय, हे कुठल्याच जाहिरातीत नाही. इथल्या कॉलेजात घेणार नाही म्हणाले, दीड वर्ष ऑनलाईन लेक्चर, प्रॅक्टिकलचं काय कुणालाच माहीत नाही, शेवटी ट्रान्सफर घेऊन उझबेकिस्तानला गेला, आता इकडची परीक्षा. घरावरचं कर्ज तसंच आहे. माझ्या मामांना कुणी उमेदवारानं विचारलं असतं की तुमचं पोर मुळात तिकडं का गेलं, इथं खासगी कॉलेजची फी किती, तर ते मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत बोलत बसले असते.

सुभेदार_निवृत्त

सगळ्यांना रामराम. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

मी १९८७ च्या शेवटी श्रीलंकेत जाफन्याला उतरलो, भारताच्या शांतिसेनेत. तिथं आपले बाराशेच्या आसपास जवान गेले, माझ्या सेक्शनमधले दोघं. त्यातला एक माझ्या शेजारी पाण्याची बाटली उघडत होता. १९८९ ला नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक झाली, आम्ही तिकडंच होतो. घरून पत्र आलं त्यात सगळं बोफोर्स, बोफोर्स. आमच्या लढाईबद्दल गावात कुणी काही बोलत नव्हतं, वडिलांना माणसं विचारायची, पोरगा नेमका कुठं आहे हो? १९९० ला मार्चमध्ये शेवटची तुकडी मद्रास बंदरात उतरली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. आणि पुढच्या वर्षी २१ मेला ऐन निवडणुकीत, पहिल्या टप्प्याच्या दुसऱ्याच दिवशी, श्रीपेरुंबुदूरला राजीवजींना आम्ही ज्यांच्याशी लढलो त्याच तमिळ वाघांनी (एलटीटीई) मारलं. राहिलेलं मतदान जूनवर गेलं आणि त्या टप्प्यांत काँग्रेसला आधीपेक्षा चांगलं यश आलं. म्हणजे बाराशे जवान गेले तेव्हा तो निवडणुकीचा विषय नव्हता, एक नेता गेला तेव्हा झाला. मी कुणाला दोष देत नाही, झालं ते सांगितलं.

म्हणून मला दोन्ही नको वाटतं. आमचा विसर पडलेलाही नको आणि आमचा फोटो उमेदवाराच्या फोटोशेजारी बॅनरवर लावलेलाही नको. निवडणूक आयोगानं डिसेंबर २०१३ मध्ये पक्षांना लिहून कळवलंय की सैन्याचे फोटो प्रचारात वापरू नका, मार्च २०१९ ला परत तेच कळवलं. तरी २०१९ ला मी आमच्याच तालुक्यात बॅनर बघितले, मी स्वतः जाऊन एक उतरवायला लावला, पोरांनी ऐकलं, वाद घातला नाही. औशाच्या भाषणाची तक्रार झाली त्यावर आयोगानं १ मेला सांगितलं की आचारसंहितेचा भंग नाही, तीन आयुक्तांपैकी अशोक लवासा यांचं मत वेगळं होतं. पण महाराष्ट्राचं शेवटचं मतदान २९ एप्रिललाच संपलं होतं. निकाल कसाही लागो, तो मतदानाच्या आधी यायला हवा होता.

आता मागावरच्या भाऊंना एक सांगतो जे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. पुलवामानंतर आठवड्याभरात, २१ फेब्रुवारी २०१९ ला, गृह मंत्रालयानं आदेश काढला की सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे सगळ्या निमलष्करी दलांच्या जवानांना दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर विमानानं जाता येईल, सुट्टीला जाता-येता सुद्धा. आधी हवालदार, शिपाई यांना तो हक्क नव्हता. ७ लाख ८० हजार जवानांना त्याचा फायदा. ही खरी गोष्ट बघा. ४० जणांच्या जिवावर आलेला, पण जवानाच्या रोजच्या उपयोगाचा निर्णय. मी त्या प्रचारात पाच-सहा सभा ऐकल्या, एकाही स्टेजवर हे ऐकलं नाही.

मागावरचा

काका, हे खरंच माहीत नव्हतं. भावाला वाचून दाखवलं आत्ता. तो म्हणाला, मग हे का नाही सांगितलं? मला उत्तर देता आलं नाही.

शास्त्रीनगर_सोलापूर

मी वाचत होतो, लिहू की नको करत होतो.

सुरक्षेवर बोला, जरूर बोला, पण सभेत पाकिस्तानचं नाव निघालं की गर्दीतल्या काही नजरा कुठं वळतात ते आम्हाला कळतं. २०१९ ला रांगेत माझ्यामागं दोघं बोलत होते, मुद्दाम मोठ्यानं, आज कुणाकुणाला धडा शिकवायचाय म्हणून. माझे वडील माझ्यापुढं उभे होते, पंचाहत्तरीचे. आयुष्य मिलमध्ये गेलं त्यांचं. ते मागं वळले नाहीत, फक्त माझा हात धरला आणि मत देईपर्यंत सोडला नाही.

चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले त्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन एकत्र आहेत. वडिलांनी मला लहानपणी खांद्यावर बसवून ती चार नावं पाठ करायला लावली होती. पुलवामाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातही दुकानं बंद होती, आम्हीही मेणबत्त्या घेऊन उभे होतो. स्टेजवरून बोलणाऱ्यानं शत्रू देशाचं नाव घेताना एवढं ध्यानात ठेवलं की खाली बसलेल्यांत आमचीही पोरं आहेत, तर पुरे.

सीनाकाठ

@शास्त्रीनगर भाई, हे वाचून वाईट वाटलं. मी वर लिहिलं त्यात हे मनात नव्हतं, आणि असं बोलणारा आमच्यात कुणी असला तर मी त्याला तिथंच गप्प करीन. माझं म्हणणं सरकारच्या कामाबद्दल आहे, शेजाऱ्याबद्दल नाही. वडिलांना नमस्कार सांगा.

मागावरचा

एक गोष्ट राहिली, माझ्या कामातली, म्हणून परत लिहितोय.

मी आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टची कागदं बघतो. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपला जाणारी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दहा ते चौदा दिवस जादा. आमचा एक कंटेनर हॅम्बर्गचा होता. भाडं दुपटीच्या वर गेलं, माल घेणारी पार्टी म्हणाली आम्ही देणार नाही, मालक म्हणाले मी कुठून देऊ, न्हावा शेवाला तारीख पे तारीख. तीन आठवडे एक पाळी बंद होती. माझ्या टेबलासमोर कामगार येऊन विचारायचे, जहाज गेलं का साहेब? मला साहेब म्हणायला लागले होते त्या एका प्रश्नासाठी. त्यांच्यातल्या निम्म्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो.

आणि त्याच वेळी अरबी समुद्रात आपल्या नौदलाची दहाच्या वर जहाजं उभी होती. १६ मार्च २०२४ ला आयएनएस कोलकाता आणि मार्कोस कमांडोंनी किनाऱ्यापासून अडीच हजार किलोमीटरच्या पुढं चाच्यांच्या ताब्यातलं रुएन नावाचं जहाज सोडवलं, ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप. ज्या दिवशी हे झालं त्याच दिवशी दिल्लीत लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या! मी हे कारखान्यात सांगितलं तेव्हा वडिलांच्या वयाचे कामगार कान देऊन ऐकत होते, कारण त्यांना आपला टॉवेल आणि ते जहाज यांचा संबंध लगेच कळला. सत्ताधाऱ्यांना अभिमानानं सांगता आलं असतं, विरोधकांना विचारता आलं असतं की भाड्यासाठी छोट्या कारखानदाराला काय मदत केली. सोलापूरच्या प्रचारात मी दोन्हीकडून एक शब्द ऐकला नाही.

तेच २०२५ ला परत. रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेनं आपल्यावर जादा २५ टक्के लावले, आधीचे धरून ५० झाले, २७ ऑगस्टपासून. युद्ध युक्रेनमध्ये, तेल रशियाचं, आणि ऑर्डर थांबली सोलापूरच्या टॉवेलची. आमचा अमेरिकेचा माल थोडाच आहे तरी पॅकिंगच्या आठ बायका दिवाळीआधी घरी बसल्या. २०२९ ला जो कुणी येईल त्यानं रशियाचं तेल का घेतलं ते खुशाल छाती काढून सांगावं, मला पटेलही, पण त्या आठ जणींसाठी काय केलं तेही त्याच भाषणात सांगावं.

भावाला मी एवढंच सांगितलं की जवानांसाठी मत द्यायचं असेल तर दे, मीही दिलं होतं, पण देण्याआधी प्रश्न विचार आणि दिल्यावरही विचारत राहा, मी दिल्यावर विचारायचं सोडून दिलं होतं.

सुभेदार_निवृत्त

बरोबर सांगितलंत. त्याचं नाव यादीत घातलं का? फॉर्म ६ भरा. आता वर्षात चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, त्यामुळं थांबायचं कारण नाही. ऐन वेळेला नाव नाही म्हणून परत जाणारी पोरं दर वेळी बघतो मी.

मागावरचा

काका, आत्ता भरायलाच बसलो होतो दोघं. आधारवर घराचा जुना नंबर आहे, वडील म्हणतायत आधी तो दुरुस्त करून घ्या. सोमवारी सकाळी जाऊन येतो त्याला घेऊन.